घरात रेकॉर्ड केलेला पहिला अल्बम आणि अमेरिकाना संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, पुण्यात आमच्या घरी आठ-दहा जण जमतात आणि एक अख्खा अल्बम गप्प बसून ऐकतात. मोबाइल बाहेरच्या खोलीत, चहा ऐकून झाल्यावर. सध्या पाळी आहे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची, आणि त्यातही पाठीशी कुठलीही कंपनी नसताना घरातच केलेल्या पहिल्या अल्बमांची. ऐकून झालं की तेच ते प्रश्न येतात. निम्मे संगीताबद्दलचे, निम्मे "आम्हालाही करायचंय, कसं करू?" या जातीचे. दर वेळी तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

अमेरिकाना म्हणजे नक्की काय? कंट्री म्हणायचं की फोक?

ही पाटी गाणाऱ्यांनी लावलेली नाही, रेडिओवाल्यांनी लावलेली आहे. 'गॅव्हिन रिपोर्ट' नावाचं रेडिओ व्यवसायाचं एक नियतकालिक होतं, त्यानं १९९५ मध्ये या नावाची क्रमवारी छापायला सुरुवात केली. कंट्री संगीताची राजधानी मानलं जाणारं शहर नॅशव्हिल, तिथलं कंट्री तोवर चांगलंच गुळगुळीत झालं होतं. ज्यांच्या गाण्यात फिडल, बॅन्जो आणि जुन्या माणसांची दुखणी होती, ते त्या कप्प्यात मावेनात आणि रॉकच्या कप्प्यातही मावेनात. मग १९९९ मध्ये अमेरिकाना म्युझिक असोसिएशन स्थापन झाली, २०१० मध्ये ग्रॅमीत अमेरिकाना अल्बमसाठी वेगळा पुरस्कार आला, आणि २०११ मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं हा अर्थ दाखल करून घेतला.

आत काय काय आहे? स्कॉटलंड-आयर्लंडकडून अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत पोहोचलेली कथागीतं, काळ्या लोकांचं ब्लूज आणि गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), डोंगरातलं ब्लूग्रास, थोडं रॉक. माझी स्वतःची कसोटी ढोबळ आहे: लाइट गेली तरी गाणं एका गिटारीवर उभं राहतं का? राहिलं तर मी ते या फडताळात ठेवते. जाणकार नाकं मुरडतील, मुरडोत.

बॅन्जो म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य ना?

नाही. बॅन्जो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेच्या मातीत घडवला. भोपळ्याला कातडं ताणून बसवायचं, दांडी लावायची, तारा ओढायच्या. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबियाच्या भागात 'आकोन्टिंग' नावाचं त्याचं जवळचं भावंड अजून वाजतं. पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नकलाकारांनी तोंडाला काळं फासून ते रंगमंचावर नेलं आणि हळूहळू मूळ मालकांचं नावच पुसलं गेलं. बॅन्जो वाजवणारी गायिका रियानन गिडन्स आणि तिचा 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा गट यांनी ते नाव पुन्हा ठळक लिहिलं. हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी त्यांचं काहीतरी लावते, मग बोलते.

तुम्ही सारखं ज्या अल्बमचं उदाहरण देता, तो कुठला?

बॉन इव्हेरचा 'फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो'. नऊ गाणी, साधारण ३७ मिनिटं.

जस्टिन व्हर्नन हा विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर गावचा, १९८१ चा जन्म. गावातल्याच दोस्तांबरोबर त्याचा 'डीयारमंड एडिसन' नावाचा बँड होता. २००५ मध्ये सगळे बिऱ्हाड उचलून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात गेले, नशीब काढायला. वर्षभरात बँड मोडला. प्रेमप्रकरण मोडलं. त्यात आजारपण आलं, ते थेट यकृतावर गेलं. २००६ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं गाडीत सामान भरलं आणि वडिलांच्या शिकारीसाठीच्या लाकडी खोपटात जाऊन राहिला. लाकडं फोडली, हरणाची शिकार करून तेच खाल्लं, बाकी वेळ बर्फ बघितलं. साधारण तीन महिन्यांत या गाण्यांचा ऐवज तयार झाला. अल्बम काढायचा असं ठरवून तो तिथं गेलाच नव्हता, आणि मला वाटतं ते ऐकूही येतं. कुणाला काही पटवून द्यायची घाई त्या गाण्यांत नाही.

बॉन इव्हेर हे माणसाचं नाव की बँडचं?

तेव्हा नाव बँडचं आणि माणूस एकच. आजारपणात पडून तो 'नॉर्दर्न एक्स्पोजर' ही अलास्कात घडणारी जुनी मालिका बघत होता. तिच्यात पहिला बर्फ पडला की गावकरी रस्त्यावर येऊन एकमेकांना फ्रेंचमध्ये 'शुभ हिवाळा' म्हणतात: बों इव्हेर. फ्रेंच स्पेलिंगमध्ये 'एच' आहे, पण त्यासकट तो शब्द इंग्रजी 'लिव्हर'सारखा दिसतो, आणि लिव्हरनंच तर त्याला छळलं होतं. म्हणून 'एच' उडवला.

खरा बँड नंतर जमला. शॉन कॅरी नावाच्या ड्रमरनं मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर गाणी ऐकून ऐकून ड्रम आणि वरच्या सुरावटी स्वतःच बसवल्या आणि व्हर्ननसमोर जाऊन उभा राहिला, मला सगळं येतं म्हणून. नोकरीच्या अर्जाची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

म्हणजे एकटा माणूस, जंगल, तुटलेलं हृदय आणि एक माइक. एवढ्यानं होतं?

होत नाही. या गोष्टीनं जितका अल्बम खपवला तितकीच नवशिक्यांची दिशाभूलही केली. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलानं हे ऐकून चार दिवस ताम्हिणीकडे एक खोली भाड्यानं घेतली होती. पावसाचं उत्तम रेकॉर्डिंग घेऊन परत आला.

खोपटात शिरला तेव्हा व्हर्नन पंचविशीचा होता आणि त्याच्यामागे शाळेपासूनची बँडबाजी, स्वतःच काढलेली आधीची रेकॉर्डिंग आणि शेकडो तासांची ध्वनिमुद्रणाची सवय होती. माइक कुठे धरला की काय येतं हे हाताला माहीत होतं. शिवाय सगळंच एकट्याचं नाही: ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन दुसऱ्यांनी वाजवलेत. एकांतामुळे त्याला कुणी अडवणारं नव्हतं, इतकं खरं. वाजवायला शिकवलं ते आधीच्या दहा वर्षांनी.

सामान काय काय होतं?

थोडंच. शूर कंपनीचा एसएम५७ माइक, जो कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याच्या पेटीत सापडतो. जुनी सिल्व्हरटोन गिटार, म्हणजे एके काळी सीअर्स या दुकानातून टपालानं मागवता यायची तसली स्वस्तातली. अजून एक-दोन गिटारी, ड्रमचे काही तुकडे, एक मॅक संगणक, आणि प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती ज्याच्याबरोबर चालते तो एमबॉक्स, म्हणजे माइक संगणकाला जोडायची पेटी.

यादी वहीत उतरवून घेणाऱ्यांना एकच सांगते: हे सगळं विकत घेतलंत तरी ते खोपट मिळत नाही. चारी बाजूंनी लाकूड असलेल्या खोलीत आवाज जसा फिरतो तसा सिमेंटच्या स्लॅबखाली फिरत नाही.

एकटाच गातो म्हणता, मग एवढे आवाज कुठून येतात?

थरावर थर. आधी एक ओळ गायची. मग ती हेडफोनवर ऐकत तीच ओळ पुन्हा गायची, मग पुन्हा. प्रत्येक वेळी श्वास किंचित वेगळा पडतो, 'स' थोडा मागेपुढे होतो. असे सात-आठ थर झाले की एकट्याचा आवाज राहत नाही, जमाव होतो, पण सगळ्यांचा चेहरा एकच. संगणकावर एकच ओळ आठदा चिकटवली तर हे होत नाही, नुसता आवाज मोठा होतो. फरक प्रत्येक वेळच्या बारीक चुकांचा आहे.

त्यातून तो बहुतेक गाणी किनऱ्या आवाजात गातो, छातीतून न येता डोक्यातून येणाऱ्या पोकळ, उंच आवाजात. आमच्यात एक काका आहेत, आयुष्यभर शास्त्रीय ऐकलेले. पहिल्या गाण्याला म्हणाले, "हा खरा सूर नाही." पाचव्याला काही बोलले नाहीत. परत जाताना अल्बमचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं.

शब्द कळतच नाहीत. माझं इंग्रजी कच्चं आहे का?

अजिबात नाही, अमेरिकनांनाही कळत नाहीत. त्यानं आधी निरर्थक अक्षरांनी चाली गायल्या, त्या पुन्हापुन्हा ऐकल्या आणि त्या अक्षरांच्या आकाराला बसतील असे शब्द शोधले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे सिनेमाची कितीतरी गाणी आधी चाल आणि मग शब्द अशीच झाली. कवीला मीटरसाठी 'डमी' बोल देतात तसलाच प्रकार, फक्त इथे कवी आणि संगीतकार एकाच स्वेटरमध्ये.

कंपनी नाही, जाहिरात नाही. मग लोकांपर्यंत पोहोचलं कसं?

ज्यांना स्वतःचा अल्बम काढायचाय त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

२००७ मध्ये त्यानं स्वतःच्या पैशानं ५०० सीडी काढल्या. गाणी मायस्पेसवर ठेवली. काही प्रती संगीतावर लिहिणाऱ्यांना पाठवल्या, काही कार्यक्रमांत विकल्या. लिहिणाऱ्यांपैकी काहींनी मनापासून लिहिलं. ऑक्टोबर २००७ मध्ये पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळानं कौतुकाचं परीक्षण छापलं आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या सीएमजे महोत्सवात तो गायला. तिथून कंपन्या मागे लागल्या. त्यानं इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनची 'जॅगजॅगुवार' ही लहान स्वतंत्र कंपनी निवडली. त्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये तोच अल्बम सगळीकडे पोहोचवला, युरोपात 'फोरएडी'नं काढला. २०१२ मध्ये त्याला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं. नवोदित! पहिल्या सीडीनंतर साडेचार वर्षांनी.

यात दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक, ५०० हा आकडा. पाच हजार काढल्या असत्या तर साडेचार हजार पलंगाखाली गेल्या असत्या. पाचशे संपतात, आणि संपल्या ही बातमी होते. दुसरी, ज्यांना पाठवल्या ते सगळे या तऱ्हेचं संगीत ऐकणारे होते. आपण मात्र तीनशे जणांना एकच मजकूर फॉरवर्ड करतो, त्यात आत्येभाऊ असतो, विमा एजंट असतो, आणि मग म्हणतो की लोकांना चांगल्याची कदर नाही.

हे करणारा तो पहिलाच का?

छे. घरातल्या रेकॉर्डिंगची ही वंशावळ जुनी आहे आणि गंमत म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याकडे गेलेली दिसते.

१९८२ च्या जानेवारीत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात टीॲक पोर्टास्टुडिओसमोर बसला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार वेगवेगळे थर, घेणारं यंत्र. ही गाणी बँडला शिकवण्यापुरती, कच्ची. मग स्टुडिओत संपूर्ण बँडबरोबर करून बघितली आणि जीव गेला त्यांतला. शेवटी खिशात बिनडबीची फिरवलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाहेर आली. तो काही त्याचा पहिला अल्बम नव्हे, पण घरच्या कॅसेटवर अल्बम होऊ शकतो हा विश्वास तिथून पसरला.

चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, टोरांटोतल्या तीन टिमिन्स भावंडांनी आणि त्यांच्या मित्रानं घराच्या गॅरेजात एका माइकभोवती बसून पहिला अल्बम केला. बँडचं नाव 'काउबॉय जंकीज'. बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी, पुष्कळशी ब्लूज, आणि त्यांत 'नेब्रास्का'मधलं एक. स्वतःच्याच 'लेटंट' या लेबलवर काढला. माणसं कॅनडाची, गाण्यांचं रक्त अमेरिकन. पुढच्या वर्षी त्यांनी एका चर्चमध्ये एका दिवसात दुसरा अल्बम केला आणि तो जगभर गेला, तरी मला पहिला गॅरेजवालाच आवडतो. एकाच माइकचा नियम साधा असतो: ज्याला मोठं ऐकू यायचंय त्यानं जवळ सरकायचं, बाकीच्यांनी मागे. मिक्सिंग (कुणाचा आवाज किती, हे जुळवणं) म्हणजे इथे खुर्च्या हलवणं.

मग सॅम बीम. फ्लोरिडात चित्रपटकला शिकवायचा आणि घरी मित्राच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर गाणी करून ठेवायचा. त्यातलं एक गाणं एका मासिकाबरोबरच्या सीडीत गेलं आणि सिअ‍ॅटलच्या 'सब पॉप'च्या कानावर पडलं, म्हणजे ज्यांनी निर्वाणा हा रॉक बँड पुढे आणला त्यांच्या. २००२ मध्ये घरच्याच टेप 'द क्रीक ड्रँक द क्रेडल' म्हणून निघाल्या, 'आयर्न अँड वाइन' या नावानं. तो इतक्या हळू गातो की शेजारी कुणी झोपलंय असं वाटतं.

आवाज कच्चा वाटतो. मुद्दाम ठेवतात का?

काही जण आता मुद्दाम ठेवतात आणि ते लगेच कळतं. वर उल्लेखलेल्यांपैकी स्प्रिंगस्टीन सोडला तर कुणी ठेवला नव्हता, त्यांच्याकडे तेवढंच होतं. टेपची सळसळ, खुर्चीची कुरकुर, ओळ संपताना सुटलेला श्वास. मला यात घर ऐकू येतं. बीमच्या गाण्यात खोली लहान आहे आणि दार लोटलेलं आहे, हे मी पैजेवर सांगेन.

आम्हाला फ्लॅटमध्ये करायचंय. कुठून सुरुवात करू?

माइकपासून नको, खोलीपासून करा. टाळी वाजवा. टाळीमागे झणका आला तर ती खोली नाही. फरशी आणि उघड्या भिंती हा आपल्या फ्लॅटचा रोगच आहे. सतरंजी अंथरा. कपडे वाळत घालायचा स्टँड गाणाऱ्याच्या पाठीमागे उभा करून त्यावर दोन गोधड्या टाका, जितक्या जाड तितक्या बऱ्या. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून गाणं हा पैसे न लागणारा सर्वांत चांगला उपाय. आईच्या साड्यांनी माझ्या मैत्रिणीची चार गाणी सावरली आहेत.

पंखा बंद. फ्रिज बंद, आणि फ्रिज बंद केल्याची चिठ्ठी दाराला लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दूध नासलेलं. (अनुभव.) वेळ रात्री साडेबारा ते साडेतीन. त्याआधी लिफ्ट आणि टीव्ही, त्यानंतर पाण्याची मोटर आणि कबुतरं. कुकरबद्दल तर बोलायलाच नको: आमचा एक अप्रतिम टेक शेजारच्या तिसऱ्या शिट्टीनं संपतो. सूर बरोबर नाही लागला तिचा, नाहीतर ठेवला असता.

एकदा गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठूनतरी बारीक झणझण येत होती. दर वेळी नाही, एकाच सुराला. केबल बदलली, माइक बदलला, गिटारीच्या तारा तपासल्या. दोन तासांनी सापडलं: शोकेसमध्ये पितळी फुलपात्रात पितळी पळी ठेवलेली होती आणि तो एक सूर लागला की ती थरथरायची. पळी काढली, गाणं स्वच्छ झालं. नंतर ऐकताना वाटलं, राहू द्यायला हवी होती.

माइक तोंडासमोर वीतभर अंतरावर, किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा थेट बसत नाही. आधी गाणं एका गिटारीवर सलग, न थांबता, तीनदा करा. त्यातला एक घ्या. थरबिर नंतर. आणि प्रत्येक रात्रीचं काम झोपायच्या आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. हा उपदेश का करतेय ते विचारू नका, दोन गाणी गेली आहेत.

मिक्सिंग आणि मास्टरिंगही घरीच करावं का?

मिक्सिंग करून बघा, शिकायला मिळतं. मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यांवरचा शेवटचा हात, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या, ज्यानं ती गाणी आधी शंभरदा ऐकलेली नाहीत. आपले कान तोवर आंधळे झालेले असतात.

जुनी लोकगीतं घेतली तर कुणाची परवानगी लागते?

परंपरागत गाण्याला मालक नसतो, त्यामुळे गाता येतं. पण कुणी केलेली नवी बांधणी किंवा कुणाचं विशिष्ट रेकॉर्डिंग मात्र त्याचं असतं. अमेरिकेत १९७८ च्या आधी प्रकाशित झालेल्या गाण्यांना जास्तीत जास्त ९५ वर्षांचं संरक्षण. भारतात कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

कायद्याचं इतकंच, पण इथे एक जुनी टोचणी आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात रॅल्फ पीअरनं व्हिक्टर कंपनीसाठी डोंगरातल्या गाणाऱ्यांची रेकॉर्डिंग केली. कार्टर कुटुंब त्यात पहिल्यांदा गायलं. नंतर ए. पी. कार्टर गावोगाव हिंडून गाणी गोळा करायचा आणि त्याच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक. कार्टर शब्द उतरवायचा, रिडल चाल डोक्यात ठेवायचा. गाणी नोंदली गेली कार्टरच्या नावावर.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. त्यांत ओवी कुणी गायली आणि ती बाई कुठल्या गावची, हे जपलं आहे. लोकगीत घेणाऱ्यानं तेवढं करावं: ज्या आजीकडून ऐकलं तिचं नाव कव्हरवर छापावं. जागा पुरत नसेल तर स्वतःच्या फोटोची कमी करावी.

आजकाल सीडी कोण घेतं?

वाजवायला फारसं कुणी नाही. आठवण म्हणून घेतात, कार्यक्रम संपल्यावर, गाणाऱ्याच्या हातून, सहीसकट. या संगीतात ते टेबल अजून चालतं. स्वतःच स्वतःची सीडी विकण्याचा घाट जुना आहे: 'सीडी बेबी' हे दुकान १९९८ मध्ये डेरेक सिव्हर्स नावाच्या गायकानं स्वतःची सीडी विकण्यासाठीच काढलं, मग मित्र म्हणाले आमचीही ठेव.

बँडकॅम्पवर टाकू की स्पॉटिफायवर?

दोन्हीकडे, पण वेगळ्या अपेक्षेनं. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार प्लेही नाहीत त्याचे पैसेच मिळत नाहीत. नवख्याच्या बहुतेक गाण्यांचं तेच होतं. तिथे असावं, कारण "कुठे ऐकायला मिळेल?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं. बँडकॅम्प हे गाणाऱ्यांनी आपले अल्बम विकायचं ऑनलाइन दुकान. ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि सीडीसारख्या वस्तूंचे १० टक्के घेतं, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. २० मार्च २०२० पासून, करोनात कार्यक्रम बंद पडल्यावर, त्यांनी काही शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली. अल्बम विकत घ्यायचा असेल तर त्या शुक्रवारी घ्या, गाणाऱ्याला जास्त मिळतात. वीस माणसांनी अल्बम विकत घेणं हे नवख्या बँडला हजारो प्लेपेक्षा जास्त मिळवून देतं, आणि त्या वीस जणांशी बोलताही येतं.

तिकडचे छोटे बँड गातात कुठे?

बारमध्ये, चर्चच्या तळघरात, ग्रंथालयात, आणि लोकांच्या घरी. हाउस कॉन्सर्ट म्हणतात. यजमान सोफा भिंतीला लावतो, तीस-चाळीस खुर्च्या मांडतो, पाहुणे खायला काहीतरी घेऊन येतात, एक टोपी किंवा बरणी फिरते आणि जमलेले सगळे पैसे गाणाऱ्याला. माइक नसतो. बँड रात्री त्याच घरात झोपतो आणि सकाळी पुढच्या गावाला. आपल्याकडची घरगुती मैफल हीच की. फक्त आपल्याकडे टोपी फिरवायला संकोच वाटतो, मग पाकीट, मग "असू द्या हो", मग नारळ.

हे परकं असून कानाला ओळखीचं का वाटतं?

तारेवरून घसरत जाणारा तो सूर. स्लाइड गिटार हवाईहून अमेरिकाभर गेली आणि कलकत्त्याच्या वाटेनं आपल्याकडेही आली, त्यामुळे जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आणि डोंगरातल्या बँडची डोब्रो नावाची गिटार एकाच माहेरच्या. तिला मींड काढता येते म्हटल्यावर आपले लोक तिला सोडणार होते थोडेच.

हे नातं एका बैठकीत ऐकायचं असेल तर विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा (स्लाइड गिटारीचंच भारतीय रूप) आणि अमेरिकन वादक राय कूडरची स्लाइड गिटार: 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये केलेलं रेकॉर्डिंग, दोघांची ओळख त्याच्या थोडीच आधी झालेली. १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. वर ज्या काकांचं सांगितलं, त्यांना मी आधी हे ऐकवायला हवं होतं.

पहिल्यांदा ऐकताना कुठून ऐकू?

'फॉर एम्मा' घ्या, पहिल्या गाण्यापासून. मधूनच नको, गाणी ज्या क्रमानं लावलीत त्या क्रमानं. फोनच्या स्पीकरवर नको, थर सगळे एकमेकांत लापशी होतात. साधे वायरवाले हेडफोन चालतील. शब्दांचा नाद सोडा. एकदा ऐकून झालं की लगेच 'द क्रीक ड्रँक द क्रेडल' लावू नका, एक दिवस जाऊ द्या.

पुढच्या महिन्यात आम्ही गॅरेजवाला ऐकणार आहोत. यायचं असेल तर चप्पल दाराबाहेर, आणि पळी आता स्वयंपाकघरात असते.